चालत्या गाडीतला मंत्र

तुमी आधी नीट टेका, ती शीट जरा खचल्याली हाय. कारखाना सुटायला अजून येळ हाय, तवर सांगतो. माझं नाव दत्तू. घोटावड्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात आमचं गाव. बा भात करायचा, आजा भात करायचा, मी भात बी करतो आन् ही जीप बी चालवतो, सकाळी गावातल्या बायका कारखान्यावर सोडायच्या आन् सांजंला परत न्यायच्या. पण काय सांगू तुम्हाला, हे दोन्ही पोटाचे धंदे. माझा खरा धंदा नकलेचा. मी जन्माचा नकल्या. आईच्या कडंवर असताना म्हणं मी वाण्याचं खाकरणं काढून दाखवलं व्हतं, तवापासनं आजतागायत गावातलं एक माणूस सोडलं न्हाई. सरपंच कसा माईक फुंकतो, ग्रामसेवक कसा घड्याळात बघत जांभई देतो, जमिनीचा एजंट कसा आमच्या उकिरड्याजवळ उभा ऱ्हाऊन काका काय व्ह्यू आहे हो तुमच्याकडे म्हणतो, समदं. जत्रंत तमाशाच्या आधी माझा कार्यक्रम असतो, आन् खोटं कशाला सांगू, तमाशावाले म्हणायचे, याला आमच्या नंतर ठेवा, नायतर लोक उठून जात्यात.

आन् त्या समद्या नकलांत एक नकल राणी व्हती. धोंडिबा भगताची.

धोंडिबा आमच्या वाघजाईचा भगत. साप-इचवाचं बघतो, अंगारा देतो, गंडा बांधतो. एका पायानं लंगडा. मी केस पिंजारायचो, कपाळभर कुंकू फासायचो, एक पाय ओढत स्टेजवर यायचो आन् घुमायचो, आन् घुमता घुमता हळूच एक डोळा उघडून ताटात कोंबडी किती मोठी आलीय ते बघायचो. लोक लोळायचे. आन् धोंडिबा कुटं असायचा सांगू? पहिल्या रांगंत. मांडी घालून. हसायचा न्हाई, उठायचा बी न्हाई. समदी नकल बघायचा आन् शेवटी पटका सारखा करून निघून जायचा.

लोकांना वाटायचं, दत्तू गमत्या हाय. गंमत न्हवती ती. माझा बा त्या धोंडिबाच्या अंगणात गेला. मी नुकतं मिसरूड फुटल्यालं पोरगं व्हतो. कापणीच चालली व्हती, भारा उचलताना बाला साप चावला, चार माणसांनी घोंगडीत घालून धोंडिबाकडं नेला. धोंडिबा म्हणला, वाचंल, काय बी व्हत न्हाई, आई बसलीय. मंग काय, बसली समदी. घंटी वाजत व्हती, लिंबाचा पाला फिरत व्हता, आन् बाच्या हिरड्यांतनं रगत यायला लागलं तरी धोंडिबा म्हणत व्हता वाचंल. खाली रस्त्यावर वाळूचा ट्रक उभा व्हता. त्यात घालून नेता आला असता. कुणी उठलं न्हाई, मी बी न्हाई. उठलो असतो तर कुणी ऐकलं नसतं ही गोष्ट येगळी.

तवापासनं माझ्या डोक्यात एक सूप बसलं. सुपात पाखडावं तसं मी माणूस पाखडायचो. तांदूळ हिकडं, फोल तिकडं. दवाखान्यात जातो तो तांदूळ, भगताकडं जातो तो फोल. शिकल्याला खरा, घुमणारा खोटा. मधी काय बी न्हाई. जीप घेतली तवा पेंटरनं इचारलं, मागं काय लिहू, आईचा आशीर्वाद का? म्हणलं, न्हाई, ल्ही: अंगारा नको, दवाखाना गाठा. लाल रंगात. अजून हाय, उतरल्यावर बघा. ह्या गाडीत मी हातात गंडा बांधल्याली बाई बी बसवायचो न्हाई, गंडा सोड मंग चढ म्हणायचो. बायका बिचाऱ्या गंडा काढून कनवटीला खोचायच्या, कारखान्यात गेल्या की परत बांधायच्या. मला समदं आरशात दिसायचं.

आन् माझी बायको सुमन, तिचं माझ्या बरुबर उलटं. तिचा पाठचा भाऊ, चांगला धडधाकट गडी, पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात गेला आन् पांढऱ्या कापडात बांधून घरी आला. डाक्टरनं काय झालं ते बी धड सांगितलं न्हाई, कुणी म्हणलं उशीर झाला, कुणी म्हणलं इंजेक्शन चुकलं. तवापासनं ती दवाखान्याची पायरी चढली न्हाई. ताप आला की काढा, लईच झालं तर धोंडिबाचा अंगारा, पदरात लपवून. मी पुडी सापडली की चुलीत टाकायचो. ती म्हणायची, टाका, राखच ती, राखंत राख. अशी आमची जोडी. एका घरात दोन पक्की डोकी, आन् दोघांच्या बी डोक्यावर एकेक मढं बसल्यालं.

तर तो रविवार. कारखाना बंद, गाडी बंद, म्हणून आमी दोघं आन् शेजारची हौसावहिनी अशी खालच्या खाचरात. भात कापून पडल्यालं, भारं बांधून जीपमधनं वर आणायचं काम. ऊन मस्त तापल्यालं. सुमननं भाऱ्याखाली हात घातला आन् मला वाटलं कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. आता खाचरात कुकर कुटनं येणार? एवढा इचार डोक्यात यायला आन् ती ओरडायला एकच गाठ पडली. भारा बाजूला झाला आन् ते जाड, आळशी, पाठीवर ठिपक्यांच्या साखळ्या घेऊन बांधाकडं सरकताना दिसलं. घोणस. बाला चावलं ते बी हेच.

उजव्या हाताच्या पंजावर दोन टिंबं, त्यातनं रगत. मी भाऱ्याची सुतळी घेतली आन् कोपराच्या वर आवळून बांधली, लई शास्त्रीय काम केलं अशा थाटात. म्हणलं, चल, ऊठ, गाडीत बस, दवाखान्यात लस हाय.

ती बांधावर बसली. म्हणली, मला धोंडीतात्याकडं न्या.

मी म्हणलं, येडी का खुळी, घोणस हाय ती. ती म्हणली, म्हणूनच. मी म्हणलं, माझा बा मेला तितं. ती म्हणली, माझा भाऊ मेला तिकडं. मी तिला उचलली. बायको अंगानं किरकोळ, उचलली आन् जीपकडं निघालो, तर तिनं जीपचा दांडा असा धरला की सुटंना, पाय झाडायला लागली, माझ्या खांद्याला चावली. आन् हौसावहिनी बोंबलली, भावजी सोडा तिला, हालवू नका, इख चढंल.

आता बघा माझी गत. वहिनी खरं बोलत व्हती, मला ठावं व्हतं. जेवढी ती झटणार तेवढं इख अंगभर फिरणार. जबरीनं नेली तर रस्त्यात संपणार, न्हाई नेली तर बांधावर संपणार. आन् तिचा पंजा माझ्या डोळ्यांदेखत सुजून टरटरायला लागल्याला. माझ्या सुपात दोनच बाजू व्हत्या, आन् दोन्हीकडनं बायको मरत व्हती. मी तिला वहिनीच्या मांडीवर टाकली आन् पळालो. कुटं? धोंडिबाच्या घराकडं. पन्नाशीचं माणूस, धोतर न्हाई म्हणून बरं, प्यांट धरून चढ पळालो.

धोंडिबा अंगणात वाल सोलत बसला व्हता. मी कुडाला धरून धापा टाकत म्हणलं, तात्या. आख्ख्या गावानं तात्या म्हणावं आन् मी लंगड्या म्हणावं अशी माझी रीत, त्या दिवशी तोंडातनं आपसूक तात्या निघालं. त्यानं मान वर केली न्हाई. म्हणला, जत्रा लांब हाय अजून, आत्ताच नकल बसवायला आलास व्हय?

म्हणलं, सुमनला चावलं.

काय?

घोणस.

त्याच्या हातातली शेंग सुपात पडली. मला वाटलं, आता म्हणणार वाचंल, आण तिला, आन् मी त्याचा गळा धरणार. मी तयारच व्हतो. तर तो म्हणला, घोणस असंल तर माझ्याकडं काय बी न्हाई, दत्तू. कधी न्हवतं.

अहो, एवढी वर्षं मी ह्या एका वाक्यासाठी जत्रंत घुमत व्हतो. ते वाक्य मिळालं आन् मला ते नकोसं झालं. मी म्हणलं, मंग चल आन् हेच तिला सांग. तो म्हणला, हे सांगितलं तर ती जाग्यावर जीव सोडंल. तिला वाटंल, देवीनंच हात वर केलं. म्हणलं, मंग करायचं काय? तो आत गेला. मी दारात नाचतुया, घोणस चावल्याल्या बायकोचा नवरा, आन् ह्याचं आपलं आत काय तरी धुंडाळणं चाललंय. बाहेर आला तवा केस सोडल्यालं, कपाळभर कुंकू, काखंत पिशवी, हातात घंटी. हुबेहूब माझी नकल! म्हणला, मी काय बी बोललो तरी तू मधी तोंड घालायचं न्हाई. आन् गाडी सुरू ठेवायची.

बांधावर आला, सुमनच्या म्होरं उभा ऱ्हायला आन् थरथरायला लागला. घंटी वाजली. आन् तो आवाज, काय सांगू तुम्हाला, मी तो आवाज घसा फाडून काढायचो पण तसा कधी निघाला न्हाई. म्हणला, पोरी, आईचा सांगावा हाय, ह्या जनावराचा मंत्र बसल्या जागी चालत न्हाई. चालत्या गाडीत म्हणायचा आन् मोठ्या दवाखान्याच्या पायरीवर सोडायचा. पायरी चुकली तर आई जबाबदार न्हाई.

सुमननं हट्ट सोडला. आपणहून गाडीत आडवी झाली.

आता मी नट माणूस. सोंग आन् खरं ह्यातला फरक मला पायताणाच्या आवाजावरनं कळतो. पण तात्या त्या वक्ताला सोंग करत व्हता का खरंच अंगात आलं व्हतं, हे मला तवा कळलं न्हाई आन् आजबी कळत न्हाई. त्याला इचारलं, तर म्हणतो, मला तरी कुटं ठावं हाय?

गाडी निघाली. मागं वहिनीच्या मांडीवर सुमन, पुढच्या शीटवर, तुमी बसलाय तितं, तात्या उलटा, गुडघ्यावर, मागं तोंड करून, तिचा हात दोन्ही हातांत हालू न देता धरल्याला. आन् तोंडानं पुटपुट चालू. मी ह्या गाडीत भगत बसवला व्हता, मागं एवढी लाल अक्षरं घेऊन.

घोटावड्याच्या अलीकडं वहिनी म्हणली, भावजी, बांगड्या रुतायला लागल्या. हात एवढा सुजला की काचंच्या बांगड्या मासात शिरायला लागल्या. मी म्हणलं, फोडून टाका, काचच हाय ती. सुमन तशा गुंगीत बी कडाडली, तुमी जित्तं असताना फोडू व्हय बांगड्या? तुमचं काय बरं-वाईट झालं म्हंजे? बघा बायको! मरती कोण आन् काळजी कुणाची! मी ओरडतुया, ती हात मागं वढती, वढला की सूज ठणकती. तात्यानं पिशवीतनं दिव्याच्या तेलाची बाटली काढली. मंत्र न थांबवता तेल लावलं आन् एकेक बांगडी फिरवत फिरवत उतरवली. एक ऱ्हायली ती काय केल्या सुटंना. तवा म्हणला, ही आईच्या नावानं वाढवू. वाढवल्याली बांगडी फुटल्याली नसती. बरी झालीस की देवळात चुडा भरायचा, हिरवा, दत्तूच्या खर्चानं. सुमननं डोळं मिटून हात म्होरं केला. कट् वाजलं. मी आरशात बघितलं न्हाई.

आन् पिरंगुटाच्या तोंडाला गाडी थांबली.

रविवार ना! अख्खं पुणं धरणाला निघाल्यालं, आन् वळणावर एक भला मोठा ट्रेलर आडवा अडकल्याला. म्होरं गाड्या, मागं गाड्या, खिडकीतनं गाणी. मी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच न्हाई. एक चष्मेवाला पोरगा काच खाली करून म्हणला, अंकल, हॉर्न वाजवून गाडी उडणार आहे का? मी उतरून हातापाया पडायला लागलो, दादा, बायकोला साप चावलाय, गाडी बाजूला घ्या. एक घ्यायचा, दुसरा म्होरं दामटायचा. मागनं वहिनी म्हणती, भावजी, हिच्या दातातनं रगत येतंय.

दात. हिरड्या. बा.

तात्या खाली उतरला. केस मोकळे, मळवट भरल्याला, घंटी घनाघना वाजवत, पाय ओढत तो गाड्यांच्या मधनं असा निघाला की मला वाटलं आता खरंच वाघजाई आली रस्त्यावर. एकेका बॉनेटवर लिंबाचा डहाळा आपटायचा आन् डोळं गरगर फिरवून म्हणायचा, सर! सर मागं! लोकांनी मोबाईल काढले शूटिंगला, पण गाड्या मागं घेतल्या बरं का! माझ्या हातापाया पडण्याला जो रस्ता मिळाला न्हाई तो त्याच्या घुमण्याला मिळाला. ट्रेलरच्या कडंनं, गटारात एक चाक घालून मी जीप काढली. तो चष्मेवाला पोरगा तात्याला हात जोडून उभा व्हता.

सरकारी दवाखान्यात डाक्टरीणबाई. कवळी पोरगी, बोलण्यावरनं मराठवाड्याची. तिनं हात बघितला आन् आमचा दोघांचा एकदम उद्धार केला. ही सुतळी कोणी बांधली? मी. हात काढावा लागला असता, कळतं का? आणि हा पाला कोणी चोळला? तात्यानं वाटंत जखमंवर कसला तरी पाला चोळला व्हता. तात्या म्हणला, मी. म्हणली, दोघंही बाहेर व्हा. शिकल्याला आन् घुमणारा, दोघं एका दारानं बाहेर! पण जाता जाता मी चौकट धरली. म्हणलं, मॅडम, एक काय ते सांगा. वाचंल का न्हाई?

तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणली, काका, सांगता येत नाही.

मी म्हणलं, सांगता येत न्हाई म्हंजे? तुमी डाक्टर हायसा! मी जन्मभर लोकांना दवाखाना गाठा म्हणतोय, गाडीवर लिहिलंय! ती म्हणली, लस चालू करते. बाकी बघू. आन् एका काचंच्या नळीत सुमनचं रगत घेऊन ती नळी टेबलावर उभी ठेवली. हात लावू नका म्हणली. रगत गोठलं तर चांगलं, न्हाई गोठलं तर इख काम करतंय.

त्या दाराला एक काच व्हती. काचंतनं ती नळी दिसायची. मी एका बाजूनं, तात्या दुसऱ्या बाजूनं, कपाळ टेकवून. डाक्टरीण आली, नळी तिरकी केली. रगत पाण्यासारखं वाहिलं. परत लस. परत नवी नळी. परत तिरकी. पाणीच. अहो, बाच्या वक्ताला तात्या छातीवर हात मारून वाचंल म्हणला आन् बा गेला. आन् हितं एवढी शिकल्याली बाई, हातात खरी लस, आन् ती म्हणती सांगता येत न्हाई. मला तिचा राग आला. खरं सांगतो, मला तवा कुणी तरी छातीवर हात मारून वाचंल म्हणायला पायजे व्हतं, मंग तो भगत का असंना. मी तात्याकडं वळलो आन् म्हणलं, तुमी तरी सांगा.

तात्या म्हणला, म्यां आता ते सांगायचं सोडलंय.

पायरीवर जाऊन बसलो दोघं. मी वडापाव आणला, त्याच्या म्होरं धरला. त्यानं घेतला आन् नुसता हातात ठेवला. मंग म्हणला, तुझ्या बाला म्यां बसवून ठेवला. कुणी मला अडवलं न्हवतं. माझ्याकडं आल्याली माणसं वाचायची, म्हणून मला वाटायचं माझ्यामुळं वाचत्यात. धामण चावल्याली असायची, दिवड चावल्याली असायची, ती तशीबी वाचणारच व्हती. तुझ्या बापानंतर मला कळलं. पण लोक यायचं थांबत न्हाईत, आन् मी न्हाई म्हणलो की म्होरच्या गावच्या भगताकडं नेत्यात. म्हणून मी घंटी वाजवतो आन् हळूच म्हणतो, आईनं दवाखाना सांगितलाय. काही ऐकत्यात, काही न्हाई.

त्याच्या नरड्याला हात घालावा असं बी वाटलं आन् त्याच्या मांडीवर डोकं ठेवून रडावं असं बी वाटलं. दोन्हीतलं काय बी केलं न्हाई. तर तो म्हणतो कसा, एक सांगू का दत्तू, तू जत्रंत लंगडतोस ते चुकीच्या पायानं. माझा डावा हाय.

अहो, दवाखान्याच्या पायरीवर मी हसलो! बायको आत नळीवर लटकल्याली, आन् मी हसलो, आन् हसता हसता असा काय रडलो की वॉचमन पाणी घेऊन आला.

उन्हं कलली तवा डाक्टरीण दारात आली. नळी वर धरून तिरकी केली. रगत हाललं न्हाई. शेणाच्या पवटीसारखं घट्ट बसल्यालं. तात्यानं हात जोडले. मी बी जोडले. कुणाला जोडले ते इचारू नका. आन् मी परत म्हणलं, म्हंजे वाचली? तर बाई म्हणती, आज तरी. पुण्याला हलवा, किडनी बघावी लागंल. किती चिवट बाई! शेवटपर्यंत एक शब्द पक्का दिला न्हाई. आता मला वाटतं, त्या बाईनं तिला जेवढं ठावं व्हतं तेवढंच मला सांगितलं, एक चिमूट जास्ती न्हाई. आमच्यात कुणाला जमतं ते?

पुण्याला लई दिवस गेले, पण सुमन आली घरी. हात अजून पुरता वळत न्हाई, भाकरी माझ्याकडं आलीय, कशी करतो इचारू नका. आली त्या दिवशी मी कणीची पेज केली. ती चमच्यानं खात व्हती आन् मी नेहमीसारखं सुरू झालो, बघ, दवाखान्यानं वाचवली का न्हाई? ती म्हणली, तात्यानं नेली म्हणून वाचले. म्हणलं, तात्याकडं लस व्हती का? म्हणली, तुमच्याकडं मला गाडीत घालायची ताकद व्हती का? मंग पेजंकडं बघून म्हणली, अवो, तांदूळ आन् फोल एवढंच असतं व्हय सुपात? मधी कणी बी पडती. आजाऱ्याला तीच पचती. तिला भाऊ गेल्याल्या दवाखान्याचा राग अजून हाय बरं का. दर तपासणीला रडत जाती. पण जाती.

आता आमच्या पंचक्रोशीत अशी रीत पडलीय. साप चावल्यालं माणूस तात्याच्या अंगणात आलं की तात्या पहिला मला फोन लावतो. आन् लोकांना सांगतो, ह्याचा मंत्र चालत्या गाडीतच चालतो. लोक बिनबोभाट गाडीत बसत्यात. पुढच्या शीटवर तात्या घंटी घेऊन, मी स्टेरिंगवर. मागल्या खेपंला मधीच म्हणला, वाघजाईच्या खिंडीत थांब, नारळ उतरवतो. मी असा वरडलो, म्हणलं, गाडी थांबली तर आई जबाबदार न्हाई! त्यानं नारळ परत पिशवीत टाकला. सुतळी बांधायची न्हाई, पाला चोळायचा न्हाई, ब्लेड लावायचं न्हाई, चावल्यालं अंग हालवायचं न्हाई, हे डाक्टरीणबाईनं दोघांकडनं तोंडपाठ करून घेतलंय.

गावातला एक शिकल्याला पोरगा, हिंजवडीला कंपनीत हाय, मला म्हणला, काका, तुमी अंधश्रद्धा पसरवताय, तुमच्याकडनं ही अपेक्षा न्हवती. पोरगं खरं बोलतंय. मी बी त्याच्या वयात तेच बोलायचो, आन् जोरात बोलायचो. मी म्हणलं, बाबा, तू बोलत ऱ्हा, कुणी तरी बोलायलाच पायजे. फक्त एक कर, ज्याला चावलंय त्याच्याशी वाद घालू नको, त्याला आधी गाडीत बसव. परवा एका बाईनं तात्याच्या भरवशावर येळ घालवलाच, फोन उशिरा आला. पोचवली, पण तिचं अजून खरं न्हाई. त्या दिवशी मला वाटलं, मीच चुकतोय, मीच ह्या माणसाला गाडीत बसवून मोठा केला. आन् त्याच सांजंला दुसरा एक जण केवळ तात्याच्या शब्दानं गाडीत चढला. आता ह्याचं काय करू? पाखडून बघितलं. पाखडलं जात न्हाई.

ह्या जत्रंत नकल केली मी. लोकच सोडंनात. डाव्या पायानं लंगडलो. तात्या पहिल्या रांगंत. नकल झाल्यावर पटका सारखा केला आन् म्हणला, आता जमली. पण अजून बाचं इचाराल तर, तात्याला माफ केलं का, तर न्हाई. इचारू नका. शेजारी बसवतो, एवढंच.

मागचं लिहिल्यालं तसंच ठेवलंय. पेंटर म्हणला, खोडू का? म्हणलं, कशाला, बरुबरच हाय ते. तात्या चढताना दर वक्ताला मोठ्यानं वाचतो, अंगारा नको, दवाखाना गाठा, आन् मंग पिशवी घेऊन चढतो.

हा भोंगा झाला बघा, येतील आता बायका. गर्दी झाली तर झाली, मागं दाटीवाटीनं बसत्यात, कुरकुरत न्हाईत. कापणीच्या दिवसात पुढं मी कुणाला बसवत न्हाई, तुमी पाव्हणं म्हणून बसवलं. घरी कुणाचं भात असंल तर सांगा, भाऱ्याखाली हात घालायच्या आधी काठी आपटा, आन् सुखानं ऱ्हावा. फोन हितं डॅशबोर्डवर ठेवलाय, त्याच्यावर नजर ऱ्हाऊ द्या.

वाजला तर तेवढं उठा. ती शीट तात्याची हाय.